बापाची खुर्ची आणि पंचाची खुर्ची

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

कार्यवाहांनी आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं की यांनी छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. खरं आहे. पण रस्त्यात मला ओळख दाखवणारी माणसं संख्याशास्त्राची नसतात. "सर, तुमच्यासमोर माझी केस होती," म्हणणारी असतात. मागच्या उन्हाळ्यात एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "तुम्ही मला एक वर्ष घरी बसवलं, म्हणून तर हे दुकान उभं राहिलं." त्यात कृतज्ञता किती आणि टोमणा किती, हे मला रस संपेपर्यंत कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

तर मी आज त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलणार आहे. शिकवता शिकवता मी पंधरा-सोळा वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा गैरप्रकार चौकशी समितीवर होतो, त्यातली काही वर्षं अध्यक्ष. मधल्या काळात मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, आणि रेक्टर असल्यामुळे रॅगिंग प्रतिबंध समितीवरही आपोआप. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत आणि नाव घेतलं की लोक गोष्ट सोडून नावाबद्दल बोलतात.

सुनावणीचा दिवस कसा असतो ते आधी सांगतो. परीक्षा भवनाचा दुसरा मजला. लांब व्हरांडा, त्यात बाकं, आणि बाकांवर न मावणारी मुलं. दिवसाला साठ-सत्तर प्रकरणं. काही मुलं एकटी येतात, काहींबरोबर वडील असतात, रात्रीच्या एसटीने आलेले. आत टेबलामागे आम्ही चार-पाच जण. कायद्यात पाचाहून जास्त नाहीत असंच आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ४८ (५) मध्ये ही समिती सांगितली आहे. त्या कलमात नुसते विद्यार्थी नाहीत बरं का. प्रश्नपत्रिका काढणारे, तपासणारे, शिक्षक, परीक्षेच्या कामाशी संबंध असलेला कुणीही त्यात येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिपाई बैठक क्रमांक पुकारतो. मुलगा आत येतो. त्याच्यासमोर फाइल उघडते. त्यात पर्यवेक्षकाचा अहवाल, जप्त केलेली उत्तरपत्रिका, तिला टाचलेली चिठ्ठी, आणि मुलाने परीक्षा केंद्रावर लिहून दिलेला जबाब. एका मुलाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, कधी चारच. मला पहिल्या दिवसाचा जो माणूस आठवतो तो मुलगा नव्हे, त्याचा बाप. दाराबाहेर चपला काढून आत आला. देवळात यावं तसा. आम्ही त्याच्या मुलाला प्रश्न विचारत होतो आणि तो माणूस हात जोडून उभा होता. सगळं संपल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, यानं नेमकं केलं काय?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आलेल्या पत्रात होतं, 'आपल्या पाल्याने गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले असून'. गैरप्रकार म्हणजे खिशात चिठ्ठी होती, की हातावर लिहिलं होतं, की शेजाऱ्याची पुरवणी घेतली होती, की दुसऱ्याच कुणाला परीक्षेला बसवलं होतं? पत्राला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आता शिक्षा. आमच्या भाषेत 'संपादणूक रद्द'. म्हणजे त्या परीक्षेतले सगळे पेपर गेले, फक्त पकडला गेला तो नव्हे. त्याच्या वर 'आणखी एक परीक्षा बसू न देणे', किंवा दोन. चिठ्ठी जवळ सापडणं वेगळं, चिठ्ठीतून उतरवणं वेगळं, आणि शिक्षाही वेगळी. म्हणून विषयतज्ज्ञ बसवून चिठ्ठीतला मजकूर उत्तरात आला आहे का ते बघावं लागतं. मुलं या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरतात, रस्टिकेट. तांत्रिकदृष्ट्या ते रस्टिकेशन नसतंही, पण शब्द तोच. या शब्दाची मला नेहमी गंमत वाटते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गाव, शेतवाडी. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये उनाड पोराला काही काळ विद्यापीठातून काढून गावाकडे पाठवायचे, म्हणून रस्टिकेट.  आमच्याकडे तो आजही अक्षरशः खरा होतो. आमचं पोरगं खरंच गावीच जातं. आणि मुलगी असेल तर बहुतेक वेळा तिथून परत येत नाही, कारण 'एक वर्ष वाया गेलं, आता कशाला' म्हणून लग्न ठरतं. आमच्या शिक्षांच्या तक्त्यात ही शिक्षा कुठेच छापलेली नाही.

हे दिसत असल्यामुळे असेल, मी सुरुवातीला फार प्रेमळ होतो. माझी पद्धत ठरलेली. मुलगा आत आला की आधी पाणी द्यायचं. "बस. घाबरू नकोस. कुठला तू? शेती किती? बरं. आता मला तुझ्या वडलांच्या जागी समज आणि खरं खरं सांग. खरं बोललास तर काही होणार नाही." मुलं रडायची आणि कबूल करायची. मी 'चूक मान्य आहे' असं लिहून घ्यायचो आणि दयाळूपणे शिक्षा द्यायचो. चहाच्या वेळी मला वाटायचं की आपण फार चांगलं काम करतो आहोत.

समितीवर एक कायद्याचे प्राध्यापक होते. कमी बोलणारे. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाले, "सर, काही होणार नाही हे वचन तुम्ही कुणाच्या अधिकारात देता? कारण थोड्या वेळाने त्याला काहीतरी होतं, आणि ते करणारेही तुम्हीच असता." मी म्हटलं, अहो, मुलं घाबरलेली असतात. ते म्हणाले, "घाबरलेल्या माणसाला बाप भेटला की तो सगळं सांगतो. मग बाप उठतो आणि त्याच खुर्चीत पंच येऊन बसतो. पोराला वाटतं, समोर अजून बापच आहे."

मला राग आला होता. पण वाक्य डोक्यातून जाईना. मग त्यांनीच मला दोन निकाल वाचायला दिले, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोन्ही उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणांतले आणि दोन्ही १९६२ चे.

पहिला घनश्यामदास गुप्ता आणि इतरांचा. तीन मुलं १९५४ साली इंटरमिजिएटला बसली, दुसऱ्या वर्गात पास झाली. काही महिन्यांनी प्राचार्यांमार्फत वडलांना कळलं की परीक्षेत गैरप्रकार झाल्यामुळे निकाल रद्द, आणि १९५५ च्या परीक्षेलाही बसता येणार नाही. त्यांना एका शब्दाने कुणी काही विचारलं नव्हतं. मंडळाचं म्हणणं असं की आमच्या नियमांत विचारायला सांगितलेलंच नाही. न्यायालय म्हणालं, मुलाच्या सगळ्या पुढच्या आयुष्यावर परिणाम होईल असा निर्णय तुम्ही घेता, तेव्हा त्याचं म्हणणं ऐकून घेण्याचं बंधन तुमच्यावर येतं. नियमात लिहिलं नसलं तरी येतं. आज आपल्याला हे उघड वाटतं. तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सांगून घ्यावं लागलं. आणि खरं सांगू? पाच-पाच मिनिटांत एकेक करून सत्तर प्रकरणं उरकताना आम्ही ते रोज थोडंथोडं विसरत होतो. ऐकून घेण्यासाठी आधी आरोप काय आहे ते त्याला माहीत असावं लागतं. चपला काढून आलेल्या त्या माणसाला तेच ठाऊक नव्हतं.

दुसरा निकाल बागलेश्वर प्रसाद नावाच्या विद्यार्थ्याचा, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती आपले साताऱ्याचे, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. पुढे ते सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. या प्रकरणात मुलाच्या उत्तरातल्या चुका दुसऱ्या एका परीक्षार्थीच्या चुकांशी तंतोतंत जुळत होत्या. कॉपी करताना पाहिलं, असं सांगणारा कुणी नव्हता. उच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. गजेंद्रगडकरांनी तो फिरवला. अशा प्रकरणात प्रत्यक्ष पुरावा फार क्वचित मिळतो. परिस्थिती आणि शक्यता बघूनच ठरवावं लागतं. आणि समितीने प्रामाणिकपणे चौकशी केली असेल तर न्यायालयाने उगाच हात घालू नये, असा त्याचा रोख.

मी संख्याशास्त्राचा माणूस, मला हा निकाल फार आवडला. बघा, दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरोबर उत्तर एकच असतं, दोघेही तिथे पोचले. पण चुकायच्या वाटा शंभर. दोघेजण एकाच वळणावर, एकाच दगडाला, एकाच पायाने ठेचकाळले तर ते एकाच दोरीला बांधलेले होते असं समजायला जागा असते. मग फक्त कोण कुणाच्या मागे बसला होता ते बैठक व्यवस्थेत बघायचं. पुढची काही वर्षं मी हा निकाल तलवारीसारखा वापरला. तीच तलवार एके दिवशी उलटली, पण ते शेवटी सांगतो.

आता वसतिगृहाकडे येतो, कारण बापाच्या खुर्चीने माझ्या हातून जे सर्वांत वाईट करवलं ते तिथे.

आपल्याकडे महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड; दोषी ठरला तर संस्थेतून काढून पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश नाही. पण त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग संस्थाप्रमुखाबद्दल आहे. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन आणि पोलिसांत कळवणं. आणि यात कुचराई केली तर संस्थाप्रमुखाने रॅगिंगला चिथावणी दिली असं धरलं जाईल. ज्याने हा मसुदा लिहिला त्याला आम्हा लोकांचा स्वभाव पक्का ठाऊक होता. आमचा पहिला विचार नेहमी एकच असतो. मिटवा.

एका वर्षी पावसाळ्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा रात्री माझ्या क्वार्टरवर आला. सिनियर 'इंट्रो' घेतात, असं म्हणाला. इंट्रो म्हणजे ओळख, ऐकायला किती निरागस. मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं, विचारतील ते सांगायचं, सांगतील ते करायचं, रात्री दोन वाजेपर्यंत. त्याच्या गावावरून, त्याच्या आडनावावरून जे बोललं गेलं होतं ते त्याने मला सांगितलं नाही. "घाण बोलतात सर," एवढंच म्हणाला. मी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्या चौघा सिनियरांना बोलावलं, खूप झापलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावले. "भाऊभाऊ आहात. एका घरात भांडी लागतातच." मला माझं तेव्हाचं वाक्य अजून पाठ आहे. तक्रार लेखी घेतली नाही, कारण लेखी घेतली असती तर चार मुलांचं करिअर गेलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं.

महिन्याभरात तो मुलगा दाखला काढून गेला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'. मी सही केली.

चार मुलांच्या करिअरची काळजी करणारा बाप मी होतो. पाचवा कुणाचा होता?

नंतर माझ्या लक्षात आलं की हात मिळवायला लावणं हेच मुळात चुकलं होतं. ज्याने तक्रार केली त्याला, ज्यांच्याविरुद्ध केली त्यांच्यासमोर उभं करणं हा न्याय नव्हे. या बाबतीतही कायदेवाल्या प्राध्यापकांनी माझे डोळे उघडले. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचं १९७२ चं प्रकरण आहे. जूनमध्ये एका रात्री काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहात शिरले आणि नागडे होऊन फिरले. छत्तीस मुलींनी लेखी तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब मुलांच्या पाठीमागे घेतले. ओळख पटवायला मुलांचे फोटो इतर वीस-एक फोटोंत मिसळून मुलींना दाखवले. मग मुलांना बोलावून आरोप सांगितला, त्यांचं म्हणणं घेतलं, आणि दोन वर्षांसाठी काढून टाकलं. मुलं सर्वोच्च न्यायालयात गेली: आमच्यासमोर साक्ष झाली नाही, उलटतपासणी करू दिली नाही. १९७३ मध्ये न्यायालय म्हणालं, नैसर्गिक न्याय ही काही सगळीकडे एकाच मापाने घालायची टोपी नाही. ही शब्दरचना माझी, आशय त्यांचा. त्या मुलींना त्याच आवारात राहायचं होतं, त्याच रस्त्याने जायचं होतं. त्यांना समोर आणलं असतं तर एकही बोलली नसती. आरोपीला आरोप पूर्ण कळला आणि उत्तर द्यायची संधी मिळाली, एवढं या परिस्थितीत पुरेसं.

म्हणजे सत्तर प्रकरणांच्या घाईत आम्ही जे द्यायला विसरत होतो, आरोप सांगणं, ते रांचीच्या समितीने दिलं. आणि जे मी न मागता दिलं, समोरासमोर उभं करणं, ते त्यांनी जाणीवपूर्वक टाळलं. मी दोन्हीकडे उलटा होतो.

मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सिनियरांच्या मारहाणीनंतर मरण पावला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले. दरवर्षी विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून जी हमीपत्रं भरून घेतात ती तेव्हापासूनची. हमीपत्रावर माझा फार विश्वास नाही, मुलं सायबर कॅफेत न वाचता भरतात. पण त्या विनियमांतली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे: पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नव्या मुलांची निनावी पाहणी. आम्ही ती खरोखर केली तेव्हा पहिल्याच फेरीत जे कागद आले ते वाचून मी रात्रभर जागा होतो. निनावी कागदाला बाप लागत नाही, चहा लागत नाही. आणि एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. रॅगिंग करणारे ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षा करा, असंही त्याच विनियमांत आहे. वर्गात गोंधळ झाला की सगळ्यांना बाकावर उभं करणारे मास्तर आपण पाहिले आहेत. घनश्यामदास गुप्ताच्या देशात हे कसं बसतं, मला कळत नाही. माझ्या काळात आम्ही तो अधिकार एकदाही वापरला नाही.

मुलींच्या वसतिगृहाबद्दल एवढंच सांगतो. तिथे शिस्त म्हणजे घड्याळ. मुलांच्या वसतिगृहाचं फाटक रात्री कधीही हलवलं तरी उघडायचं, मुलींचं साडेसातला बंद. उशीर झाला की वडलांना फोन. एकदा वेळ वाढवा म्हणून मुली आल्या आणि आम्ही नेहमीचं उत्तर दिलं: पोरींनो, आम्ही तुमच्या वडलांच्या जागी आहोत, तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे हे. त्यांच्यातली एक शांतपणे म्हणाली, "सर, मला वडील आहेत. ते रोज फोन करतात. मला इथे रेक्टर पाहिजे." बैठकीत कुणीतरी तिला उद्धट म्हटलं. मी गप्प बसलो, पण ते वाक्य जिन्यातल्या त्या वाक्याशेजारी जाऊन बसलं. पुढे आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्टच आलं की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. तिला हे तीन-चार वर्षं आधीच कळलं होतं. वेळ शेवटी नऊ झाली. मुलांचं फाटक आहे तसंच आहे.

फोनबद्दल लोक हमखास विचारतात. हो, येतात. "अमुकतमुक साहेबांकडून बोलतोय, आपलाच मुलगा आहे, जरा बघा." पहिल्यांदा मी अडखळायचो. मग एक साधी युक्ती सापडली. मी म्हणायचो, "अवश्य. आपलं नाव, हुद्दा सांगा, प्रकरणाच्या टिपणीत नोंद करतो." आणि खरंच करायचो: 'या प्रकरणी अमुक वाजता दूरध्वनी आला.' दोन सत्रांत फोन निम्म्यावर आले. सगळे थांबले असं नाही. काहींनी माझ्याऐवजी वरच्यांना फोन करायला सुरुवात केली. ते ज्यांना आले, ते त्यांनी सांगावं.

आणि आजकाल एआयचं काय, हाही प्रश्न येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. प्रबंधातल्या वाङ्मयचौर्यासाठी २०१८ चे विनियम आहेत: साम्य दहा टक्क्यांपर्यंत माफ, चाळीसपर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्या, साठपर्यंत एक वर्ष थांबा, त्याच्या वर नोंदणी रद्द. टक्केवारी आली की माणसं डोकं चालवायचं थांबवतात. सॉफ्टवेअरने दाखवलेला आकडा हा पर्यवेक्षकाच्या अहवालासारखा आहे, चौकशीची सुरुवात. एआयने लिहिलं आहे असं सांगणारं यंत्र तर मला दारातल्या ज्योतिषासारखं वाटतं. मुलाला समोर बसवा आणि त्याच्याच निबंधातला एक परिच्छेद समजावून सांगायला लावा. दहा मिनिटांत कळतं. पण दहा मिनिटं कुणाकडे आहेत?

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, वेळ होत आली. आयुष्यभर चिठ्ठ्या पकडल्या, आता व्यासपीठावर उघड घेतो आहे. तर शेवटची गोष्ट, ती तलवारीची.

एका उन्हाळी परीक्षेनंतर एकाच केंद्रावरून अकरा प्रकरणं आली. एकाच दिवसाची, एकाच खोलीतली. अकराही फाइलींत मुलांचे कबुलीजबाब. आम्ही खूश, काम सोपं झालं. सवयीप्रमाणे मी ते शेजारीशेजारी लावून वाचायला लागलो. 'मी माझ्या मनाने व कुठल्याही दडपणाशीवाय लिहून देतो की'. शिवायला 'शी' दीर्घ. असो, ऱ्हस्व-दीर्घ आपल्याकडे कुणाचंच धड नसतं. पुढच्या ओळीत 'पर्यवेशक'. क्ष नाही, श. दुसरा कागद घेतला: पर्यवेशक. तिसरा, चौथा. अकरा मुलं, अकरा अक्षरं, आणि अकरा ठिकाणी 'आदरणीय पर्यवेशक सरांनी मला पकडले'.

मी गजेंद्रगडकरांचा निकाल आठवला. चुका तंतोतंत जुळल्या तर कॉपी झाली असं समजावं. झालीच होती. फक्त या वेळी फळ्यावर मजकूर लिहून देणारा खोलीच्या पुढच्या बाजूला उभा होता.

मुलांना विचारलं तर आधी कुणी बोलेना. मग एका मुलीने सांगितलं. सरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, मी तुमच्या वडलांसारखा आहे, हे फळ्यावरचं लिहून द्या, पोलिसांत देत नाही, काही होणार नाही.

माझंच वाक्य होतं ते. 'काही होणार नाही.' मी माझ्या शेजाऱ्याकडे, त्या कायदेवाल्यांकडे बघितलं. ते फाइलीत बघत होते.

आम्ही कबुलीजबाब बाजूला काढले, सगळे. ते नाहीतच असं धरून फाइली पुन्हा वाचल्या. चौघांच्या फाइलीत त्यांच्या सहीची चिठ्ठी होती आणि तिच्यातला मजकूर उत्तरात उतरला होता. त्यांना नियमाप्रमाणे शिक्षेची शिफारस. सात जणांविरुद्ध फळ्यावरच्या मजकुराखेरीज काहीच उरलं नाही. त्यांना सोडायचं ठरलं. पर्यवेक्षकांविरुद्ध वेगळ्या चौकशीची शिफारस केली. कलमात ते बसतात, मघाशी म्हटलं होतं. समितीतल्या एकांनी विरोध केला: शिक्षकांची बदनामी होईल. मतदान झालं, तीन विरुद्ध दोन.

काय शिफारस जाणार ते आम्ही मुलांना समोर बोलावून सांगायचो, तेव्हापासून, त्या चपलेवाल्या गृहस्थांपासून. सातवा मुलगा आत आला. किरकोळ, शर्ट इस्त्रीचा, बहुधा दुसऱ्या कुणाचा. मी सांगितलं, "तुझ्याविरुद्ध पुरावा नाही. निकाल राखून ठेवला होता तो जाहीर होईल. जा."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "सर, पण मी केली होती कॉपी. चिठ्ठी मी खिडकीतून टाकली."

खोलीत पंखा फिरत होता. समितीतल्या विरोध करणाऱ्या सदस्यांनी लगेच पेन उघडलं. मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि त्याचं ते बघणं मला ओळखीचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी मी पाणी दिलं की मुलं तसंच बघायची.

मी त्याची फाइल मिटली आणि शिपायाला म्हटलं, पुढचा क्रमांक पुकारा.